ट्रकाच्या पाठीवरचा संसार

गळीत हंगाम संपला, उसाची वाहने रिकामी झाली, की पुढचे पाच-सहा महिने ती उभी राहतात. कुठे गोठ्याच्या आडोशाला, कुठे बांधावरच्या लिंबाखाली, कुठे नुसती आभाळाखाली. त्यांतली बरीच दिवाळीला पुन्हा धावायला लागतात. काही मात्र उभी ती उभीच. वडिलांनी घेतलेला जुना ट्रक, चुलत्यांची जीप, लाकडी बॉडीची एखादी ट्रॉली. ती विकवत नाही, आणि दुरुस्तीला काढावी तर खर्चाचा आकडा कोणी छातीठोक सांगत नाही. मोडीत द्यावी की दुरुस्त करावी, हा प्रश्न घरोघरी पडलेला आहे.

या अंकात आम्ही त्या प्रश्नाकडे जरा लांबचा वळसा घेऊन येणार आहोत. वळसा थेट अमेरिकेचा आहे आणि विषय आहे ट्रकाच्या पाठीवर बांधलेल्या घराचा. सभासद म्हणतील, आपला आणि त्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो साखरेचाच आहे. वाचत चला म्हणजे कळेल.

अमेरिकेत पिकअप हे शेतकऱ्याचे वाहन. आपल्याकडे दूध, भाजीपाला, खताच्या गोण्या न्यायला जी पिकअप वापरतात त्याच जातीची, फक्त अंगाने दांडगी. तिच्या मागच्या हौदात बसेल अशा मापाची एक खोली बांधायची. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, कपाट. ही खोली हौदात ठेवायची आणि चारी बाजूंनी साखळ्या लावून आवळायची. याला तिकडे ट्रक कॅम्पर म्हणतात. पुष्कळ कॅम्परचा पुढचा भाग ड्रायव्हरच्या केबिनवर सज्जासारखा पुढे आलेला असतो. त्या सज्जात झोपायची जागा. मुक्कामाला पोचले की कोपऱ्यांना जॅक लावून खोली जागेवर उभी करता येते आणि गाडी खालून काढून बाजारहाटाला नेता येते. म्हणजे घर वेगळे, वाहन वेगळे. १९५० आणि १९६० च्या दशकांत तिकडे याची लाटच आली. आधी हौशी लोकांनी घरच्या अंगणात बांधले, मग त्याचे कारखाने निघाले. १९७३ साली तेलाचे भाव भडकले आणि लाट ओसरली. त्या काळातले कॅम्पर आता पन्नास-साठ वर्षांचे झाले आहेत. कोणाच्या वाड्याच्या मागे, कोणाच्या झाडाखाली पडलेले हे कॅम्पर शोधून काढून पुन्हा नीट करणारी मंडळी तिकडे पुष्कळ आहेत.

बीटाच्या गावचा लेखक

या जातीतला सर्वांत नावाजलेला कॅम्पर आज कॅलिफोर्नियातल्या सलिनास गावी, नॅशनल स्टाइनबेक सेंटर या १९९८ साली उघडलेल्या संग्रहालयात ठेवलेला आहे. जॉन स्टाइनबेक हा लेखक १९०२ साली याच गावात जन्मला. १९६२ साली त्याला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले.

सलिनासच्या शेजारी स्प्रेकल्स नावाचे छोटे गाव आहे. क्लॉस स्प्रेकल्स या साखरेतल्या बड्या धनिकाने तिथे बीटापासून साखर काढणारा कारखाना उभारला आणि तो १८९९ साली सुरू झाला. दिवसाला ३,००० टन बीट घेण्याची त्याची ताकद होती आणि त्या काळी बीटाचा जगातला सर्वांत मोठा कारखाना म्हणून त्याचे नाव होते. हे बीट म्हणजे आपल्या कोशिंबिरीतले लाल बीट नव्हे. पांढरा कंद असतो तो. चरकात न पिळता त्याचे बारीक काप करून गरम पाण्यात भिजवतात आणि साखर पाण्यात उतरवतात. तिथेही हंगाम असतो, बीटाच्या गाड्यांच्या रांगा लागतात, काट्यावरून कुरबुर होते. फरक हा की तो कारखाना मालकाचा होता, सभासदांचा नव्हता.

स्टाइनबेक तरुणपणी कॉलेज मध्येच सोडून पुन्हापुन्हा कामाला जाई आणि या साखर कंपनीकडेही तो राबला. शेतावर राबला, प्रयोगशाळेतही राबला. आपल्या लॅबमधली मुले रसाचे नमुने तपासत बसतात तसलेच ते काम. शेतमजूर कसा झोपतो, काय खातो, मुकादमाशी कसा बोलतो हे त्याने तिथे पाहिले आणि पुढे जन्मभर तेच लिहिले.

आता ट्रकाकडे येऊ. लोकांना त्याचा १९६० चा कॅम्पर माहीत आहे, पण घर केलेली त्याची पहिली गाडी ती नव्हे. १९३६ साली एका वर्तमानपत्राने त्याला शेतमजुरांवर लेख लिहायला सांगितले. तेव्हा त्याने पाव-बिस्किटे पोचवणारी एक जुनी व्हॅन घेतली, तिच्यात झोपण्या-राहण्याची सोय केली आणि कॅलिफोर्नियाच्या मजूरतळांवरून हिंडला. आठवडाभर नव्या गाडीतून, हॉटेलात मुक्काम करत फिरला असता, तर कोणी त्याच्याशी मोकळे बोलले नसते. त्या वेळी ओक्लाहोमा आणि आसपासच्या राज्यांत दुष्काळ पडला होता, धुळीची वादळे जमीन उडवून नेत होती आणि बँका जमिनी ताब्यात घेत होत्या. हजारो कुटुंबे मोडक्या मोटारींवर गाद्या, भांडी, पोरेबाळे लादून कॅलिफोर्नियात फळे आणि कापूस वेचायला आली होती. तंबूत, पत्र्याच्या खोपटात, गाडीतच राहत होती. त्यांच्यावर स्टाइनबेकने सात लेख लिहिले आणि १९३९ साली 'द ग्रेप्स ऑफ राथ' ही कादंबरी. तिच्यातले जोड कुटुंब हडसन कंपनीची एक जुनी मोटार कापून तिचा ट्रक करते आणि त्यावर सगळा संसार चढवते. वाटेत बरोबरच्या गाडीचे कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग जाते. दोघे भाऊ भंगारच्या आवारातून जुना भाग शोधून आणतात आणि रस्त्याच्या कडेला गाडी खोलून तो बसवतात. ज्याने स्वतः हात काळे केले आहेत त्यालाच असले लिहिता येते.

कॅलिफोर्नियाचे बागाइतदार त्या पुस्तकावर चिडले. कर्न नावाच्या जिल्ह्याने तर आपल्या वाचनालयांतून पुस्तक काढून टाकले. आपण स्वतः ऊस उत्पादक, म्हणजे आपली जागा त्या बागाइतदारांच्या बाजूची आहे, हे आम्ही विसरत नाही. म्हणूनच ही हकीकत या पत्रिकेत सांगण्यासारखी वाटली. दिवाळीच्या सुमाराला बीडकडून टोळ्या येतात. ट्रकावर, ट्रॉलीवर कोपीचे बांबू, पाचटाचे गठ्ठे, पत्र्याची पेटी, पाण्याचे ड्रम, खुराड्यात कोंबड्या, आणि त्या सगळ्याच्या वर म्हातारी माणसे आणि लेकरे. तोही ट्रकाच्या पाठीवरचाच संसार. त्याला कोणी कॅम्पर म्हणत नाही एवढेच.

१९६० चा रोसिनांते

वयाच्या ५८ व्या वर्षी स्टाइनबेकच्या मनात आले की आपण देशाबद्दल लिहितो खरे, पण देश आपण वर्षानुवर्षे पाहिलेला नाही. त्याने जी.एम.सी. ची पाऊण टनी पिकअप मागवली आणि मिशिगन राज्यातल्या वुल्व्हरीन नावाच्या कंपनीने बांधलेला कॅम्पर तिच्यावर चढवला. छोट्या बोटीच्या केबिनसारखे घर हवे, असे त्याचे सांगणे होते. आत दोघांपुरता पलंग, चार बर्नरची शेगडी, गॅसवरचा फ्रीज आणि दिवे, कपाट, खिडक्यांना डासांची जाळी. डॉन क्विक्झोट या स्पॅनिश कादंबरीतल्या वेड्या सरदाराच्या मरतुकड्या घोड्याचे नाव रोसिनांते. तेच नाव त्याने गाडीच्या अंगावर रंगवून घेतले. आपल्याकडे ट्रकाच्या माथ्यावर 'आई-वडिलांचा आशीर्वाद' रंगवतात तसे. सप्टेंबर १९६० मध्ये चार्ली नावाचा आपला कुत्रा बरोबर घेऊन तो निघाला आणि सुमारे १०,००० मैल फिरून आला. १९६२ साली 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' हे पुस्तक निघाले. पुढे अभ्यासकांनी हिशोब मांडून दाखवले की पुस्तकात वाटते त्यापेक्षा कितीतरी जास्त रात्री हे गृहस्थ हॉटेल-मोटेलात आणि मित्रांकडे झोपले होते. असो. गाडी खरी होती, मैल खरे होते.

त्यातली एक युक्ती आमच्या घरच्या मंडळींना फार आवडली. झाकणाची एक मोठी प्लास्टिकची बादली त्याने कपाटात ताणाच्या रबरी दोरीने टांगली. सकाळी तिच्यात मळके कपडे, पाणी आणि साबणाची पूड टाकायची आणि गाडी चालवायची. दिवसभराच्या हिसक्यांनी बादली वरखाली नाचते आणि संध्याकाळी कपडे धुतलेले तयार. आपल्या कारखाना रस्त्यावर तर हे काम दहा मैलांत होईल.

पण त्याने एक गोष्ट अशी केली की जी आपल्या वाहनधारकांना सांगायला नको. सामान फार भरले. हत्यारे, सुटे भाग, खोकीच्या खोकी पुस्तके, बंदुका, डब्यातले अन्न. गरजेच्या कितीतरी पट भरले हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. फळ मिळाले ओरेगॉन राज्यात, भर पावसात, रविवारी. मागचा टायर फुटला आणि दुसराही फुगून फुटायच्या बेतात आलेला. चिखलात झोपून त्याने चाक बदलले आणि जीव मुठीत धरून पुढचे गाव गाठले. तिथल्या एका पंपवाल्याने सुटीच्या दिवशी कुठून कुठून फोन करून त्या मापाचे जड टायर मिळवून दिले. टायर चांगले होते, नवे होते. भार त्यांच्या ताकदीबाहेरचा होता.

शत्रू एकच, पाणी

आता अशी पन्नास-साठ वर्षांची गाडी कोणी नीट करायला घेतली तर काम कुठून सुरू होते, ते पाहू. इंजिनाकडे सगळे आधी धावतात. पण इंजिन हा त्यातला सोपा भाग आहे. त्याचे दुखणे ऐकू येते, धूर दिसतो, मिस्त्री मिळतो. घराचे दुखणे दिसत नाही.

त्या काळचे बहुतेक कॅम्पर बाहेरून ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे दिसतात, पण आतला सांगाडा लाकडाचा असतो. दोन-दोन इंचांच्या हलक्या पाइनच्या रिपा, त्यांवर आतून पातळ प्लायवुड, बाहेरून पत्रा, मधल्या पोकळीत थंडीसाठी काचेचा कापूस. कोपऱ्याला दोन पत्रे मिळतात तिथे चिकट लांबी आणि वरून ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूने दाबलेली. ही लांबी दहा-पंधरा वर्षांत वाळते, चिरते. चीर केसाएवढी असते. गाडी रस्त्यावर हिसके खाते तशी ती उघडते, मिटते, आणि प्रत्येक पावसाला थेंब-थेंब पाणी आत घेते. आत गेलेले पाणी पत्रा आणि प्लाय यांच्या मध्ये कोंडून राहते. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की बुरशी धरते आणि रीप आतून भुगा होत जाते. बाहेरून पत्रा चकचकीत, आतून रंग दिलेला प्लाय, आणि मध्ये मूठभर भुसा. वाळवीने खाल्लेल्या चौकटीसारखी गत.

सर्वांत जास्त कुजतो तो केबिनवरचा सज्जा, कारण समोरचा पाऊस वाऱ्यासकट तिथेच आपटतो. त्याच्या खालोखाल खिडक्यांचे खालचे कोपरे, छतावरच्या झरोक्याभोवतीची जागा, आणि जॅक जिथे बसवतात ते कोपरे. ओळखायचे कसे? प्लायवर चहा सांडल्यासारखे डाग दिसतात. दार उघडताच कुबट वास येतो. पाय दिला की जमीन दबते. आणि शंका आली की बारीक टोच्या घ्यायचा आणि रीप टोचून पाहायची. चांगल्या लाकडात टोच्या अडतो, कुजक्यात लोण्यात गेल्यासारखा जातो. जुना कॅम्पर विकत घेणारा जाणता माणूस इंजिन चालू करण्याआधी टोच्या खिशातून काढतो.

इथे दोन वाटा फुटतात. सोपी वाट म्हणजे चिरेत वरून लांबी भरायची, रंग मारायचा आणि फोटो काढायचा. असे केलेले काम दोन पावसाळे टिकते. आम्हाला विचाराल तर हे काम न केलेले बरे, कारण आधी निदान पाणी बाहेर पडायला वाट होती, तीही आता बुजली.

दुसरी वाट लांबची आहे. आधी घर कोरड्या छपराखाली न्यायचे आणि महिना-दोन महिने वाळू द्यायचे. मग कोपऱ्याच्या पट्ट्या काढायच्या, जिथे डाग आहेत तिथला पत्रा सोडवायचा. एकदम सगळा पत्रा काढायचा नाही. या घराची ताकद नुसत्या रिपांत नसते, पत्रा आणि प्लाय दोन्हीकडून आवळतात म्हणून ते ताठ उभे असते. सगळे एकदम सोडवले तर सांगाडा तिरका होतो आणि मग दार लागत नाही, खिडकी बसत नाही. म्हणून एक बाजू उघडायची, सज्जाला खालून टेकू द्यायचा, कुजलेली रीप काढायची. काढलेली रीप फेकायची नाही, तीच नव्या रिपेचे माप असते. कुजलेल्या भागाच्या पुढे वीतभर चांगले लाकूड लागेपर्यंत कापायचे, नाहीतर बुरशी शेजारी शिल्लक राहते. नवी रीप वाळलेल्या लाकडाची, सरस आणि स्क्रू दोन्ही लावून. नुसता खिळा हिसक्याने ढिला होतो, हे बैलगाडीच्या सुताराला सांगावे लागत नाही.

पत्रा परत चढवताना कौलांचा नियम. खालचा आधी, वरचा त्यावर चढून, म्हणजे पाणी जोडावरून घरंगळते, जोडात शिरत नाही. जोडात आता ब्युटाइल रबराची चिकट पट्टी मिळते. ती वर्षानुवर्षे मऊ राहते आणि हिसक्यांबरोबर ताणते. काच चिकटवायचे सिलिकोन मात्र तिथे कोणी लावू नये. ते स्वतः कधीतरी सुटते आणि त्याचा थर राहिला की त्यावर दुसरे काही धरत नाही. स्क्रूही पाहून घ्यावेत. ॲल्युमिनियममध्ये साधा लोखंडी स्क्रू ओला राहिला की भोवती पांढरी पूड जमते आणि पत्र्याला भोक पडते. स्टेनलेसचा स्क्रू महाग पडतो, पण तोच घालावा. जुना रंग घासताना कोरडा घासू नये. त्या काळच्या रंगांत शिसे असे. पाणी मारून घासावा आणि तोंडाला फडके बांधावे, लेकरांना तिथे फिरकू देऊ नये.

हे सगळे झाले की मग देखभाल काय? वर्षातून दोनदा छतावर चढायचे आणि जोड न् जोड बोटाने तपासायचा. बस. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा. तिकडे हिवाळ्याआधी पाइपांतले पाणीही काढून टाकावे लागते, नाहीतर गोठून पाइप फुटतो. आपल्याकडे ती भीती नाही. घर झाकायचे तर ताडपत्री अंगाला चिकटून बांधू नये, खालून वारा खेळला पाहिजे. आवळून बांधलेल्या ताडपत्रीखाली घाम सुटतो आणि बाहेरून पाऊस न लागताच लाकूड ओले होते.

काट्यावर चढवा

घर पक्के झाले की पुढचा प्रश्न, गाडी ते पेलते का? 'पाऊण टनी' हे नुसते नाव आहे, त्यावर विसंबू नये. गाडीच्या पट्टीवर एकूण किती वजन चालेल ते लिहिलेले असते. त्यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की उरते ती तुमची मुभा. त्या मुभेत घर, गॅसची टाकी, पाणी, सामान आणि माणसे सगळी बसली पाहिजेत. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. त्या काळचे मध्यम मापाचे लाकडी घर रिकामे असतानाच अर्ध्या-पाऊण टनाच्या आसपास भरते. मुभा कुठल्या कुठे संपते. कमानपाट्यात आणखी एक पाटा घातला म्हणजे मुभा वाढली असे पुष्कळांना वाटते. पाट्याने गाडी दबलेली दिसत नाही एवढेच. एक्सल तोच, ब्रेक तोच, टायर तोच.

म्हणून तिकडचे जाणते लोक भरलेली गाडी सरळ वजनकाट्यावर नेतात. आधी पुढची चाके चढवून वजन घेतात, मग मागची, मग पूर्ण गाडी. यात नुसते वजन कळत नाही, भार कुठे पडतो तेही कळते. घराचा गुरुत्वमध्य मागच्या एक्सलच्या थोडा पुढे पडला पाहिजे. मागे पडला तर पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग हाताला लागत नाही. ट्रॉलीत ऊस मागच्या बाजूला जास्त भरला की ट्रॅक्टरचे तोंड कसे उचलते, ते आपण चढाला रोज पाहतोच. पाण्याची टाकी, पुस्तके, डबे, जे जड ते खाली आणि पुढे.

ब्रेक हा तर जीवाचा विषय. १९६७ पूर्वीच्या बहुतेक अमेरिकन गाड्यांना एकच मास्टर सिलिंडर असे आणि चारी चाकांना तेल त्यातूनच जाई. एक रबरी नळी फुटली की चारी चाकांचा ब्रेक एकदम गेला. अशी गाडी उभी राहिलेली असेल तर सगळ्या रबरी नळ्या, वायसर आणि ब्रेकचे तेल आधी बदलावे. ते तेल हवेतला ओलावा ओढते आणि आतून गंज धरवते. पुष्कळ जण दोन खणांचा सिलिंडर बसवून घेतात. जुनेपण जरा कमी होते, पण आम्ही त्याला दोष देणार नाही.

टायरची नक्षी पाहून फसू नये. आजकालच्या टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असे असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांवरचा टायर भाराखाली चालवू नये. उभ्या गाडीचा टायर उन्हाने आतून तडकलेला असतो. उभी करतानाच गाडी ठोकळ्यांवर चढवून चाकांवरचा भार काढावा.

गॅसचे दोन शब्द. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून टाकीच्या कपाटाला तळाशी बाहेर उघडणारे भोक हवेच, आणि दुरुस्तीत ते भोक कोणी हौसेने बुजवू नये. जुनी नळी आणि रेग्युलेटर फेकून नवे घ्यावे, जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडे पाहावेत. बंद खोलीत शेगडी पेटवून ऊब घेत झोपू नये, त्या धुरात वास नसलेला विषारी वायू असतो.

खर्चाचे काय? लाकूड आणि पत्रा फारसे महाग नाहीत. महाग असतो तो माणसाचा वेळ. ज्याला सुतारकाम येते आणि दोन उन्हाळे मोकळे आहेत, त्याला हे परवडते. सगळे काम पैसे देऊन करून घेणाऱ्याला सहसा परवडत नाही. आणि चेसिस खालून गंजून पापुद्रे सुटलेली असेल तर वरचे घर कितीही देखणे असो, तिथेच थांबावे.

रोसिनांतेचे पुढे असे झाले. प्रवासानंतर ती गाडी न्यूयॉर्ककडच्या एका बँकेतल्या गृहस्थाने घेतली आणि आपल्या शेतावर वापरली. शेतावरच्या कामाने तिला मोडीपासून वाचवले म्हणायचे. पुढे ती सलिनासला देणगी मिळाली, नीट करून घेतली गेली आणि संग्रहालयात आली. आता ती चालत नाही, तिच्यात कोणी झोपत नाही. अशा गाडीची डागडुजी वेगळ्या रीतीने करतात. लेखकाच्या हाताखालचा मूळ ओरखडा तसाच ठेवायचा असतो. रस्त्यावर धावायच्या गाडीला हा नियम लावायचा नसतो, तिथे जीव आधी. स्प्रेकल्सच्या कारखान्याने १९८२ साली गाळप बंद केले आणि मुख्य इमारत पुढे पाडली गेली. गाव मात्र अजून आहे, आणि साखरेच्या त्या कारखान्याचे नाव आता ते गावच चालवते.

आपल्याकडे कोणाच्या मनात जुन्या ट्रकावर असे घर बांधायचे आले तर दोन गोष्टी आधी ध्यानात घ्याव्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने नोंदवलेल्या वाहनात मनाने फेरफार करता येत नाही, आधी आर.टी.ओ. कडे विचारावे. आणि २०२१ साली जुन्या वाहनांच्या खास नोंदणीचे जे नियम आले, ते ५० वर्षांवरच्या दुचाकी आणि प्रवासी चारचाकी गाड्यांसाठी आहेत. नोंदणीला २०,००० रुपये लागतात, आणि अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. मालट्रकाला त्यात धरून चालू नये.

राहता राहिला तो टोळ्यांचा संसार. मालवाहनात माणसे बसवायला कायद्याची मुभा नाही, हे वाहनधारक सभासदांना ठाऊक आहे आणि दर हंगामाला काय होते तेही ठाऊक आहे. सामान ट्रॉलीत आणि माणसे एस.टी.त, एवढा खर्च मुकादमाशी बोलणी करतानाच धरावा. ट्रॉली गावाकडे धाडण्याआधी एकदा टोच्या घेऊन तिच्या फळ्या तपासाव्यात. जोडाची पिन आणि तिची चावी, फाळक्याच्या बिजागऱ्या, मागचे लाल रिफ्लेक्टर, टायरचे ते चार आकडे हेही पाहावे. हे सगळे अर्ध्या तासाचे काम आहे, आणि ते ऐन हंगामात होत नाही. गाडी उभी आहे तोवर, म्हणजे याच महिन्यात, करून घ्यावे.